पाचवा प्रश्न : एआरटी घेणाऱ्या एका शिक्षिकेने अनुभवलेले जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिक

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या जेथे मिळतात तेथे, गेले की दर खेपेला मला चार प्रश्न विचारले जातात. खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले आहे का आणि रात्री घाम सुटतो का. क्षयरोग वेळीच हाती लागावा म्हणून हे चार प्रश्न ठरवलेले आहेत आणि गेल्या अकरा वर्षांत ते एकदाही चुकल्याचे मला आठवत नाही. अंगावरून जाते का, जननेंद्रियावर जखम किंवा फोड उठला आहे का, जांघेत गाठ आली आहे का, हा पाचवा प्रश्न मात्र त्या अकरा वर्षांत मला तेथे कोणी विचारला नाही आणि मीही आपण होऊन कधी काही सांगितले नाही. तो प्रश्न मला ज्या खोलीत पहिल्यांदा विचारला गेला ती खोली त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, आमच्या केंद्रापासून चाळीसएक पावलांवर आहे. गेले वर्षभर मी त्या सुरक्षा क्लिनिकमध्ये येत-जात आहे. तेथे काय चांगले मिळाले आणि काय उणे राहिले, हे माझ्यासारख्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांना नीट कळावे म्हणून मी हे लिहीत आहे. गाव लहान आहे, म्हणून जिल्ह्याचे नाव देत नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत जी केंद्रे चालतात, त्यांना सुरक्षा क्लिनिक म्हणतात. तेथे डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, रक्ताची तपासणी होते आणि औषधे मोफत मिळतात. आमच्याकडे हे क्लिनिक त्वचारोग विभागाला लागून आहे. बाहेरच्या बाकावर नायटा, खरूज, कोड असे नाना तऱ्हेचे रुग्ण बसलेले असतात, त्यामुळे तेथे बसलेली बाई कशासाठी आली आहे हे कोणाला कळत नाही. ही रचना मुद्दाम केलेली असो वा जागेच्या टंचाईमुळे झालेली असो, माझ्यासारखीला तिचा फार आधार वाटला.

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या पतीच्या आजारपणात मला माझ्या संसर्गाविषयी समजले. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या वधूवर मेळाव्यात ओळख होऊन मी पुन्हा लग्न केले. आम्ही दोघेही गोळ्या नियमित घेतो आणि दोघांचाही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण, मोजता येणार नाही इतका कमी आहे. दोघांनाही एचआयव्ही असल्यामुळे आता एकमेकांना द्यायचे काही उरले नाही अशा समजुतीने आम्ही निरोध वापरणे केव्हाच सोडले होते. ही समजूत चुकीची होती. आमच्या आधार गटातील अनेक जोडपी आजही तसेच मानतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या दोन्ही तळहातांवर तांबूस-तपकिरी ठिपके उठले. ते खाजत नव्हते, दुखत नव्हते. दिवसभर खडू हातात असल्याने मला वाटले की खडूच्या भुकटीची ॲलर्जी झाली असावी. पुढे अंगात कणकण राहू लागली, विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले आणि त्याच सुमारास अंगावरून पांढरे जाण्याचा त्रासही वाढला. गावातील एका खासगी दवाखान्यात गेले. तेथे न तपासता, एकही आडवळणाचा प्रश्न न विचारता मला एक मलम, पाच दिवसांच्या कॅप्सूल आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी एआरटी घेते हे मी तेथे सांगितले नव्हते, हा माझाही दोष होता. पण सांगण्यासाठी जो निवांतपणा लागतो तो पडदाही नसलेल्या त्या खोलीत, मागे चार माणसे उभी असताना, कोठून मिळणार होता?

महिनाभराने गोळ्या आणायला गेले तेव्हा आमच्या केंद्रातील औषधे देणाऱ्या ताईंची नजर माझ्या तळहातांवर पडली. त्यांनी डबा पुढे सरकवण्याऐवजी माझा हात धरून उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "मॅडम, पलीकडे दाखवून या. आत्ताच जा, मी तुमचा डबा बाजूला ठेवते." माझी सगळी कहाणी या एका वाक्यामुळे पुढे सरकली. हे वाक्य नियमाने नव्हे, तर एका बाईच्या नजरेमुळे उच्चारले गेले. या सेवेविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि तिच्याकडे मी पुढे येईनच.

सुरक्षा क्लिनिकमध्ये पहिली भेट समुपदेशकांशी झाली. त्यांची खोली लहान आहे, पण तिला दार आहे आणि ते दार लागते. सरकारी रुग्णालयात या गोष्टीचे मोल किती, हे तेथे गेलेल्यालाच कळेल. त्यांनी प्रथम माझी एआरटीची हिरवी पुस्तिका पाहिली, शेवटचा व्हायरल लोड आणि सीडी-४, म्हणजे संरक्षक पेशींची संख्या, टिपून घेतले. मग एकेक प्रश्न सरळ, सभ्य मराठीत विचारला. जखम होती का, ती दुखत होती का, पांढरे जाते त्याला वास आहे का, ओटीपोटात दुखते का, संबंधांच्या वेळी त्रास होतो का, पतीला काही तक्रार आहे का. कोठेही आवाज चढला नाही, कोठेही 'हे तुम्हाला कसे झाले' असे विचारले गेले नाही. मी गप्प झाले तेव्हा त्याही गप्प बसून राहिल्या.

नंतर डॉक्टर बाईंनी तपासले. तपासणीच्या टेबलासमोर पडदा होता, त्याची दोन कड्या तुटलेली कडा सिस्टरने स्वतः धरून ठेवली होती. योनीमार्गाची आतून तपासणी आयुष्यात पहिल्यांदा, तीही वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, अशा रीतीने झाली की पुढे काय करणार आहोत हे मला प्रत्येक पायरीआधी सांगितले गेले. तोंडात, टाळूवर बॅटरी मारून पाहिले, तळपाय पाहिले, डोक्याचे केस बाजूला करून पाहिले. दिसणे अंधूक झाले आहे का, कानात आवाज येतात का, डोके सतत दुखते का, असेही विचारले. त्या वेळी मला या प्रश्नांचा संबंध कळला नाही.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची पहिली चाचणी, नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे 'नाही'. मी सुटकेचा श्वास टाकून उठले. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, माझा तळहात पुन्हा पाहिला आणि प्रयोगशाळेत फोन लावून सांगितले की याच नमुन्यात पाणी वाढवत नेऊन, म्हणजे तो पातळ करत करत, पुन्हा पाहा. तासाभराने दुसरा रिपोर्ट आला: रिॲक्टिव्ह, टायटर १:१२८, म्हणजे नमुना १२८ पट पातळ केला तरी चाचणी 'आहे' म्हणत होती. निश्चितीसाठी केलेली टीपीएचए चाचणीही तसेच सांगत होती. मला सिफिलिस, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या भाषेत उपदंश, झाला होता आणि तो दुसऱ्या अवस्थेत पोहोचला होता.

हे कसे झाले ते डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. कोठे तरी माझ्या शिकवण्याशी त्याचा संबंध जुळला, म्हणून ते येथे देते. रक्तात प्रतिपिंडे फार झाली की ती चाचणीतील कणांची जाळी बांधूच देत नाहीत, प्रत्येक कणाला वेगवेगळे वेढून बसतात आणि चाचणी खोटी 'नाही' म्हणते. नमुना पातळ केला की खरे उत्तर बाहेर येते. याला प्रोझोन परिणाम म्हणतात आणि एचआयव्ही असलेल्यांत तो अधिक आढळतो. कागदापेक्षा हाताकडे पाहणारे डॉक्टर मिळाले नसते तर मी त्या दिवशी 'काही नाही' असा शेरा घेऊन घरी गेले असते. या सेवेला मी मनापासून चांगले म्हणते, त्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे.

डोळ्यांविषयीच्या प्रश्नांचा उलगडाही तेव्हाच झाला. सिफिलिसचा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत, डोळ्यापर्यंत आणि कानापर्यंत कोणत्याही अवस्थेत पोहोचू शकतो आणि एचआयव्ही असलेल्या माणसात हा धोका अधिक असतो, विशेषतः सीडी-४ कमी असेल किंवा गोळ्या चालू नसतील तर. मला त्याच दिवशी नेत्र विभागात पाठवून पडदा तपासून घेतला. तो ठीक होता.

औषधांची पद्धत येथे रंगांची आहे. लक्षणांच्या गटाप्रमाणे सात प्रकारची किट तयार असतात. स्राव होत असेल आणि तो परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया या जंतुसंसर्गांचा वाटत असेल तर राखाडी, योनीमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी हिरवे, जखमेसाठी पांढरे, पेनिसिलिन चालत नसेल तर निळे, हर्पिसच्या फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे आणि जांघेतील गाठीसाठी काळे. मला पांढऱ्या स्रावासाठी हिरवे किट मिळाले, त्यातील गोळ्या सिस्टरच्या समोरच घ्यायला लावल्या. सिफिलिससाठी पांढऱ्या किटमधील बेंझाथिन पेनिसिलिन. कुपीतील पांढऱ्या भुकटीत पाणी सोडून सिस्टर ती दोन तळव्यांमध्ये बराच वेळ घोळवत राहिल्या. तयार झालेले औषध साबुदाण्याच्या पेजेसारखे दाट होते. चोवीस लाख युनिट, बारा-बारा लाख दोन्ही कुल्ल्यांत. आधी थोडे टोचून ॲलर्जी नाही याची खात्री केली. इंजेक्शन दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन दिवस मी वर्गात उभ्यानेच शिकवले.

"आज रात्री हुडहुडी भरून ताप येईल, अंगावरचे डागही जास्त दिसतील. घाबरू नका, जंतू मरत आहेत म्हणून तसे होते, एक दिवसात उतरेल," असे डॉक्टरांनी बजावले होते. रात्री नऊच्या सुमारास दात वाजू लागले. आधी सांगितले नसते तर पेनिसिलिन अंगावर आले असे समजून मी ते औषध जन्मात पुन्हा घेतले नसते आणि इतरांनाही घेऊ दिले नसते. इशाऱ्याचे हे दोन वाक्यांचे कष्ट किती जण घेतात?

मला तेव्हा सर्वांत अधिक छळणारा प्रश्न वेगळा होता. माझा व्हायरल लोड दडपलेला आहे, मग हा आजार आला कसा आणि त्याने माझ्या एचआयव्हीवर काय परिणाम केला? यावर त्या खोलीत जे संभाषण झाले, तेवढ्यासाठीसुद्धा मी ही सेवा सुचवीन.

एआरटीच्या गोळ्या एचआयव्हीला रोखतात. सिफिलिस, परमा, हर्पिस, मस्से यांच्यावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. उलट बाजूने पाहिले तर या आजारांचे आणि एचआयव्हीचे साटेलोटे जुने आहे. जखम झाली की त्वचेचा बांध फुटतो. एवढेच नव्हे, दाह जेथे होतो तेथे शरीर आपल्या संरक्षक पेशी गोळा करते आणि त्यांतच एचआयव्हीला हव्या असलेल्या सीडी-४ पेशी असतात. ज्याला एचआयव्ही नाही त्याच्या दृष्टीने हे म्हणजे चोराला दार उघडून देऊन वर दागिने उंबऱ्यावर मांडण्यासारखे आहे. ज्याला एचआयव्ही आहे आणि उपचार चालू नाहीत, त्याच्या जननमार्गातून दाह असताना विषाणू अधिक प्रमाणात बाहेर पडतो. आफ्रिकेतील मलावी देशात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रमार्गाचा दाह असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे प्रमाण दाह नसलेल्यांच्या आठपट आढळले होते आणि त्या दाहावर साधी प्रतिजैविके दिल्यावर ते उतरले. आपल्या पुण्यातही गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा असाच पाठपुरावा झाला होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांना जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग नुकताच झाला होता त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ चौपट दिसला.

त्याच पुण्यातील एक जुना अभ्यास डॉक्टरांनी सांगितला आणि मी सुन्न झाले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची पाहणी होती. त्यांतील बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार, म्हणजे नवरा. त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. मी त्याच पिढीच्या मागोमाग आलेली, तशीच एक बाई आहे.

म्हणून मी विचारले, की मग हे आजार बरे केले की एचआयव्ही थांबेल का? त्याचे उत्तर त्यांनी सोपे करून दिले नाही, याबद्दल मला आदर वाटतो. टांझानियातील म्वांझा भागात लक्षणांवरून लगेच उपचार देण्याची सोय सुधारली तेव्हा एचआयव्हीचे नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. युगांडातील राकाई येथे सगळ्या वस्तीला ठरावीक काळाने औषधे दिली, तेव्हा मात्र असा फरक पडला नाही. हर्पिस दाबणारे ॲसायक्लोव्हिर नियमित देऊन पाहिले तर फोड कमी झाले, रक्तातील विषाणूही थोडा उतरला, पण जोडीदाराला होणारा संसर्ग काही कमी झाला नाही. बाहेरची जखम भरली तरी त्या जागी गोळा झालेल्या पेशी पुढे कित्येक दिवस तेथेच ठाण मांडून राहतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. याउलट एचआयव्हीच्याच गोळ्यांनी व्हायरल लोड दडपलेला असेल तर तो जोडीदाराला जात नाही, हे युरोपात हजारावर जोडप्यांच्या पाहणीत दिसून आले आणि त्यांतील काहींना मधल्या काळात इतर गुप्तरोग होऊनही एचआयव्हीचा एकही संसर्ग त्या जोडीदाराकडून झाला नाही. सारांश माझ्यापुरता असा होता: माझ्या गोळ्या त्यांचे काम करत होत्या. सिफिलिस मात्र त्या गोळ्यांना जुमानत नव्हता आणि तो मी माझ्या नवऱ्याला किंवा त्यांनी मला खुशाल देऊ शकत होतो.

पतीला आणण्यासाठी समुपदेशकांनी एक कार्ड दिले. त्यावर आजाराचे नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. पती तिसऱ्या दिवशी आले. त्यांना चार महिन्यांपूर्वी एक न दुखणारी जखम होऊन आपोआप भरून गेली होती. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि औषधावाचून भरतेही, म्हणूनच माणूस फसतो. समुपदेशक त्यांच्याशी एकट्याशी बोलल्या, माझ्याशी एकटीशी बोलल्या, आणि एकाचे दुसऱ्याला सांगितले नाही. आमच्यात नंतर जे बोलणे झाले ते आमचे आहे. त्यांनाही त्याच दिवशी इंजेक्शन मिळाले आणि दोघांना निरोधची पाकिटे कागदी पिशवीत घालून दिली.

आता उणे काय, ते सांगते.

किटची पद्धत झटपट आहे, पहिल्याच भेटीत औषध पोटात जाते, त्यामुळे लांबून आलेल्या माणसाचा हेलपाटा वाचतो. परंतु ही पद्धत लक्षणांवर चालते आणि स्त्रियांमध्ये परमा व क्लॅमिडिया यांची बहुतेक वेळा लक्षणेच नसतात. जिला काही होत नाही ती या खोलीत येत नाही आणि आली तरी तिला देण्यासाठी रंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालच्या मार्गदर्शनात शक्य तेथे जंतूची नेमकी चाचणी करून उपचार द्यावेत असे म्हटले आहे. आमच्या जिल्ह्यात ती सोय नाही. क्षयरोगासाठी जी यंत्रे आली आहेत तशाच यंत्रांवर या चाचण्याही होऊ शकतात हे कळल्यावर तर मला अधिकच हळहळ वाटली.

दुसरे उणे गर्भाशयाच्या मुखाविषयी. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो. या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो, आमच्या शरीरात तो चिकटून राहतो. म्हणून आमची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हायला हवी. मला हे पहिल्यांदा येथे समजले. डॉक्टरांनी स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी दिली, पण त्या विभागाचा तपासणीचा वार वेगळा, एआरटीचा वार वेगळा आणि सुरक्षा क्लिनिकच्या फेरतपासणीचा तिसराच. शाळेतून तीन वेगळ्या रजा काढून मी ती तपासणी करून घेतली. मुखावर ॲसिटिक ॲसिड लावून पाहतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उमटतो का ते बघतात. माझ्यात उमटला नाही. रोजंदारीवर जाणारी बाई तीन खाडे करील का?

तिसरे, हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूसंसर्ग. तो रक्तातून आणि संबंधांतूनही पसरतो. आम्ही घेतो त्या गोळीतील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधे त्यालाही दाबून धरतात, म्हणून दोन्ही संसर्ग असलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर एचआयव्ही तर उसळतोच, पण यकृतही एकाएकी बिघडू शकते. ही गोष्ट त्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली आहे, ते फार उत्तम. माझी चाचणी निगेटिव्ह आली, लस घ्यावी असे ठरले, पण लस तेव्हा उपलब्ध नव्हती आणि ती पुढे दोन महिन्यांनी मिळाली.

चौथे लहान, पण बोचणारे. औषधांच्या खिडकीवर नाव मोठ्याने पुकारतात. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा गोपनीयतेचे आश्वासन देतो. नावाऐवजी क्रमांक पुकारला तर एक पैसा खर्च न होता ते पाळले जाईल. मी तसा लेखी अर्ज दिला आहे.

आणि मुख्य तक्रार तीच, पाचव्या प्रश्नाची. एआरटी केंद्रात महिन्या-दोन महिन्यांनी, पुढे तीन महिन्यांनी, माणूस येतोच. त्याला शोधत जावे लागत नाही. तेथे चारऐवजी पाच प्रश्न विचारले, वर्षातून एकदा व्हायरल लोडसाठी रक्त काढतात त्याच सुईने व्हीडीआरएलसाठी आणखी एक नळी भरली, तर माझ्यासारख्या कितीतरी जणी डोळ्यांवर परिणाम होण्याआधीच सापडतील. आमच्या आधार गटातील एका मुलीला एआरटी सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत जननेंद्रियावर फोडांचे घोस उठले. घरच्यांनी नागीण म्हणून लेप लावले आणि तिने 'गोळ्या सोसत नाहीत' असे समजून गोळ्या सोडल्या. नागीण वेगळी, तिचा विषाणू वेगळा. हा हर्पिस होता. प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की आत दबून बसलेले आजार कधी कधी असे उसळतात आणि तेव्हा गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. लाल किटमधील ॲसायक्लोव्हिर दिवसातून तीनदा, सात दिवस, एवढ्याने तिचे फोड सुकले असते. ती मुलगी केंद्रात येत होती तेव्हा तिला कोणी विचारले नाही आणि विचारल्याशिवाय आपल्याकडची वीस वर्षांची मुलगी हे सांगत नाही. तिला मी स्वतः त्या खोलीपर्यंत घेऊन गेले. आता ती गोळ्या घेते.

माझा टायटर सहा महिन्यांनी १:१६ झाला आणि वर्षाने १:४. चौपट उतरला तरी उपचार लागू पडला असे मानतात. एचआयव्ही असलेल्यांत हा आकडा सावकाश उतरू शकतो आणि पुन्हा संसर्ग झाला तर पुन्हा चढतो, म्हणून आमची तपासणी इतरांपेक्षा अधिक वेळा, दोन वर्षांपर्यंत चालते. टीपीएचए मात्र बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहील. कोणी नव्या डॉक्टरांनी ती पाहून पुन्हा इंजेक्शन लिहिले तर जुन्या टायटरचे कागद दाखवता यावेत, म्हणून ते जपून ठेवण्यास मला सांगितले आहे. मी ते हिरव्या पुस्तिकेच्या मागच्या पानाला टाचून ठेवले आहेत.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी लवकर जावे, कारण व्हीडीआरएलचे रक्त दुपारपर्यंतच घेतात. जाताना हिरवी पुस्तिका न्यावी आणि ती टेबलावर ठेवावी, लपवू नये, त्यावरून डॉक्टर तपासणीची दिशा ठरवतात. पेनिसिलिनची किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावी. शक्य असेल तर जोडीदाराला पहिल्याच दिवशी बरोबर न्यावे. पाळी चालू असेल तर आतली तपासणी पुढे ढकलतात, तेव्हा तारीख पाहून जावे. आपल्या जिल्ह्यात हे क्लिनिक कोठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

माझी पुढची तपासणी श्रावणात आहे. एआरटीचा वार आणि क्लिनिकचा वार एकच करून द्यावा ही माझी विनंती दोन्ही ठिकाणच्या समुपदेशकांनी मान्य केली आहे. मागच्या खेपेला आमच्या केंद्रातील समुपदेशकांनी खोकला, ताप, वजन, घाम असे विचारून झाल्यावर पेन खाली न ठेवता विचारले, "आणि मॅडम, खाली काही त्रास?" मी "नाही" म्हटले. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंना तोच प्रश्न विचारला गेला का, हे ऐकण्यासाठी मी दाराशी थोडा वेळ थांबले. त्यांनाही विचारला गेला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि समुपदेशकांनी उठून दार लावून घेतले.